जुन्या मोटारीच्या ब्रेकनळ्यांचे सांधे

ज्या कुटुंबांनी वडिलांच्या किंवा आजोबांच्या काळातील अँबॅसडर, फियाट अथवा जीप अद्याप विकलेली नाही आणि जी रविवारी सकाळी ती बाहेर काढून थोडी फिरवून आणतात, त्यांचे त्या गाडीवरील प्रेम बहुधा तिच्या दृश्य भागांवरच खर्ची पडते. रंग, क्रोमच्या पट्ट्या, गाद्या, डॅशबोर्डावरील घड्याळ यांसाठी ती माणसे महिनोन्‌महिने वाट पाहतात आणि वेळप्रसंगी पदरमोडही करतात, परंतु मास्टर सिलिंडरापासून निघून गाडीच्या पोटाखालून चारही चाकांकडे गेलेल्या बारीक नळ्यांकडे, आणि विशेषतः या नळ्या जेथे जेथे दुसऱ्या भागाला मिळतात तेथील सांध्यांकडे, त्यांचे लक्ष क्वचितच जाते. पुढे एखादे दिवशी चाकाच्या आतल्या बाजूस तेलाचा ओलावा दिसतो, मिस्त्री गाडीखाली शिरून नळी गंजल्याचे सांगतो, नवी नळी आणि तिच्या दोन्ही टोकांचे नट आणावयास फर्मावतो, आणि मालक मुंबईत असल्यास कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, पुण्यात असल्यास नाना पेठेत जाऊन उभा राहतो. दुकानदार विचारतो, गाडी कोणती? मालक गाडीचे नाव सांगतो, आणि काउंटरवर दोन नट येतात. या व्यवहारात कोणाचीही लबाडी नसते. तरीही विचारलेला प्रश्न अपुरा असतो आणि दिलेले उत्तर त्याहूनही अपुरे असते, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते का, याचा खुलासा करणे हाच या लेखाचा हेतू आहे.

पायाखालच्या पॅडलाचा जोर द्रवाच्या द्वारे चाकापर्यंत नेण्याची कल्पना ज्या सिद्धान्तावर उभी आहे, तो सतराव्या शतकात ब्लेझ पास्काल या फ्रेंच पंडिताने मांडला: बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब त्या द्रवात सर्वत्र सारखाच पोचतो. हा सिद्धान्त मोटारीच्या ब्रेकमध्ये आणण्याचे श्रेय माल्कम लॉकहीड या अमेरिकन गृहस्थाकडे जाते; १९२१ साली ड्यूसेनबर्ग कंपनीच्या गाडीला चारही चाकांवर असे ब्रेक आले, १९२४ साली क्रायस्लरने ते पुष्कळ कमी किमतीच्या गाडीवर बसविले, आणि पुढील वीस वर्षांत सळ्यांवर व तारांवर चालणारे ब्रेक बहुतेक गाड्यांतून मागे पडले; फक्त हँडब्रेक तेवढा तारेचा राहिला. या व्यवस्थेत नळीतील दाब किती असतो याची कल्पना मालकांना सहसा नसते. पायाने ३० किलोग्रॅमचा जोर दिला आणि पॅडलाच्या दांड्याने तो पाचपट केला असे धरले, तर पाऊण इंच व्यासाच्या मास्टर सिलिंडरात दर चौरस सेंटिमीटरला ५० किलोग्रॅमांहून अधिक दाब निर्माण होतो. अचानक कोणी आडवे आल्यावर माणूस ज्या ताकदीने पॅडल दाबतो त्या वेळी तो याच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतो. ज्या टायरला आपण हवा भरतो त्यातील दाब याच मापाने दोनच्या आसपास असतो, एवढे सांगितले म्हणजे त्या बारीक नळीच्या टोकावरील सांध्याकडून आपण कशाची अपेक्षा करीत आहोत हे ध्यानात येईल.

त्यातही जुन्या गाडीची स्थिती आजच्या गाडीहून अधिक नाजूक असते. अलीकडच्या गाड्यांत मास्टर सिलिंडराचे दोन स्वतंत्र कप्पे असतात, म्हणून एका बाजूची नळी फुटली तरी दुसऱ्या बाजूची दोन चाके कामास येतात. अमेरिकेने १९६८ पासून ही तजवीज नव्या गाड्यांना कायद्याने बंधनकारक केली. परंतु १९५० आणि १९६० च्या दशकांतील आराखड्यांवर बांधलेल्या बहुसंख्य गाड्यांत एकच कप्पा आणि तेलाचा एकच मार्ग असतो, आणि त्या मार्गावरील कोणत्याही एका सांध्याने दगा दिला तर चारही चाकांचे ब्रेक एकाच क्षणी जातात. मग हाती उरतो तो फक्त हँडब्रेक, आणि घाट उतरणाऱ्या गाडीला त्याचा आधार किती पुरेल हे ज्याने खंडाळ्याचा किंवा आंबेनळीचा उतार पाहिला आहे त्याला वेगळे सांगावयास नको.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. सामान्य समजूत अशी की नट आट्यांवर घट्ट बसला म्हणजे तेल अडले. वस्तुतः ब्रेकच्या नळीतील तेल आट्यांनी अडत नाही. नळीचे टोक विशिष्ट आकारात फुलविलेले असते, त्याला फ्लेअर म्हणतात. ते टोक ज्या भागात शिरते त्या भागाच्या तळाशी त्याच आकाराशी जुळणारी बैठक कोरलेली असते. आणि धातूवर धातू दाबला गेल्यामुळे या दोहोंच्या मध्ये जे वर्तुळाकार कडे तयार होते तेच तेलाला अडविते. नटाचे काम केवळ ते टोक बैठकीवर रेटून धरण्याचे. यावरून सांध्याची निवड करताना चार बाबींची खातरजमा करावी लागते: नळीचा बाहेरचा व्यास, आट्यांचा व्यास, आट्यांचे पिच (म्हणजे लागोपाठच्या दोन आट्यांमधील अंतर), आणि बैठकीचा आकार. यांपैकी तीन जुळल्या आणि चौथी चुकली तर सांधा चुकलाच. आणि दुर्दैवाने या चौघींपैकी जी सर्वांत महत्त्वाची, ती बैठक, भोकाच्या तळाशी अंधारात असते आणि बाहेरून दिसत नाही.

बैठकीचे प्रमुख प्रकार दोन. पहिल्यात भोकाच्या तळातून एक लहानसा शंकू बाहेर आलेला असतो आणि त्यावर नळीचे नरसाळ्याच्या आकाराचे टोक बसते; या टोकाला डबल फ्लेअर म्हणतात, कारण त्यात नळीची कड प्रथम बाहेर फुगवून मग आत दुमडलेली असते आणि त्यामुळे शंकूला टेकणारी भिंत दुहेरी होते. त्याचा उतार ४५ अंशांचा असतो. दुसऱ्या प्रकारात याच्या अगदी उलट व्यवस्था असते: भोकाचा तळ खोलगट उताराचा, आणि नळीचे टोक पुढच्या अंगाने फुगीर व मागच्या अंगाने सपाट, त्याला बबल फ्लेअर असे नाव आहे. पहिल्या प्रकारच्या नटाचे आटे बहुधा अगदी टोकापर्यंत जातात आणि नटाचे तोंड उतरते असते. दुसऱ्या प्रकारच्या नटाच्या टोकाशी थोडा भाग बिनआट्यांचा असतो आणि तोंड सपाट असते. ही खूण उपयोगी आहे, पण तिला अपवाद आहेत, म्हणून अंतिम दाखला बैठकीचाच घ्यावा: भोकातील तेल कापडाने टिपून घ्यावे, बारीक विजेरीचा प्रकाश सरळ आत पाडावा, आणि मध्यभागी उंचवटा आहे की खोलगटपणा हे आपल्या डोळ्यांनी पाहावे. याखेरीज विमानांच्या व औद्योगिक यंत्रांच्या नळ्यांत ३७ अंशांचा फ्लेअर वापरतात. त्याचे साहित्य दिसावयास देखणे व मजबूत असल्याने शर्यतीच्या गाड्यांचे शौकीन ते आणतात, परंतु ४५ अंशांच्या बैठकीवर ३७ अंशांचे टोक कधीही बसवू नये.

बैठक न जुळणारा नट बसविला तर काय होते? पुष्कळदा पहिल्या दिवशी काहीच होत नाही, आणि यातच मोठा धोका आहे. तांब्याच्या मिश्रधातूची किंवा पोलादाची नळी थोडी मऊ असते, पान्याच्या जोराने तिचे टोक चेपले जाते, एका बारीक रेषेवर का होईना ते टेकते, आणि गॅरेजच्या आवारात गाडी थांबते. पुढे एंजिनाच्या कंपाने आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी ती रेषा झिजते, ओल येऊ लागते, मिस्त्री नट आणखी आवळतो, आणि या आवळण्यात मास्टर सिलिंडराची किंवा व्हील सिलिंडराची बैठकच कायमची बिघडते. अशा बिघडलेल्या बैठकीवर नंतर योग्य टोकाची नळी आणली तरी ती तेल धरीत नाही, आणि शंभर रुपयांच्या आतील नटाच्या चुकीची भरपाई संपूर्ण सिलिंडर बदलून करावी लागते.

आट्यांचा प्रश्न समजून घ्यावयाचा तर थोडा इतिहास पाहिला पाहिजे. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली आट्यांचे पहिले सर्वमान्य परिमाण सुचविले. त्यातील आट्याचा कोन ५५ अंशांचा होता, आणि त्याच कोनाचा बारीक पिचाचा वंशज बीएसएफ या नावाने जुन्या इंग्लिश मोटारींत सर्वत्र आढळतो. अमेरिकेने ६० अंशांचा वेगळा मार्ग धरला. दुसऱ्या महायुद्धात एका देशाचे बोल्ट दुसऱ्या देशाच्या यंत्रांना बसेनात, आणि त्या अनुभवानंतर १९४८ च्या नोव्हेंबरात अमेरिका, ब्रिटन व कॅनडा या तीन देशांनी वॉशिंग्टन येथे करार करून ६० अंशांची एक सामाईक पद्धत मान्य केली. तिचा बारीक पिचाचा प्रकार म्हणजे युएनएफ. युरोप खंडातील देश मात्र मिलिमीटरांच्या मेट्रिक आट्यांवर कायम राहिले. आपल्या देशात वजनमापांचा मेट्रिक कायदा १९५६ साली झाला आणि पुढील काही वर्षांत टप्प्याटप्प्याने तो अंमलात आला. म्हणजे नेमक्या ज्या सुमारास उत्तरपाऱ्याच्या कारखान्यातून अँबॅसडर बाहेर पडू लागली त्याच सुमारास सरकारी दप्तरातून इंच हद्दपार होत होता, आणि तरीही गाडी मात्र इंचाच्या मापाचीच होती. आपल्या बाजारात आजही इंचाचे आणि मिलिमीटरचे नट एकाच डब्यात पडलेले दिसतात, त्याचे मूळ या संधिकालात आहे.

या गोंधळातून उद्भवणाऱ्या चुकांपैकी एक चूक इतकी घातक आहे की तिच्यापाशी थोडे थांबणे अवश्य आहे. बाजारात ज्याला तीन सुती म्हणतात तो तीन अष्टमांश इंची युएनएफ नट घ्या: त्याचा व्यास ९.५२५ मिलिमीटर, आणि दर इंचास २४ आटे, म्हणजे पिच सुमारे १.०६ मिलिमीटर. आता मेट्रिक पद्धतीचा १० मिलिमीटर व्यासाचा आणि १ मिलिमीटर पिचाचा नट घ्या. व्यासात अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी अंतर, पिचात तर अंतर नावालाच. त्यामुळे इंची नट मेट्रिक भोकात घातला तर तो अडत नाही. बोटांनी सहज फिरतो, किंबहुना योग्य नटाहूनही सुखाने फिरतो, आणि नवख्या हाताला वाटते की भाग बरोबर मिळाला. प्रत्यक्षात काय झालेले असते? मेट्रिक भोकाच्या आट्यांचे शेंडे ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास जवळजवळ ८.९ मिलिमीटर, योग्य १० मिलिमीटरचा नट त्या आट्यांत प्रत्येक बाजूने सुमारे अर्धा मिलिमीटर खोल रुततो, तर ९.५ मिलिमीटरचा इंची नट जेमतेम ०.३ मिलिमीटर. म्हणजे धातूची पकड अर्ध्याहून थोडीच अधिक उरली. आणि पिच जुळत नसल्यामुळे तीही सर्व आट्यांवर समान न पडता एकदोन आट्यांवरच येते. असा नट पान्याने आवळताना बहुधा शेवटी घसरतो, आणि तेव्हाच घसरला तर मालकाचे भाग्य. पण जर तो आवळताना टिकला, तर तो ज्या दिवशी पॅडल सर्वशक्तीनिशी दाबले जाईल त्या दिवशी निसटण्याची शक्यता राहते. याच्या उलट, मेट्रिक नट इंची भोकात घातला तर एखाद्या फेरीतच तो अडतो आणि चूक तेथेच कळते, अर्थात काम करणाऱ्या माणसाने लांब पाना लावून ती चूक रेटून नेली नाही तर. यास्तव माझा आग्रह असा की नट सैलपणे, खुळखुळत आत जात असेल तर त्याला अनुकूल लक्षण मानू नये. योग्य नट बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे, परंतु फिरताना डोलता कामा नये.

इतर गोंधळ याहून कमी फसवे आहेत, कारण ते लवकर उघडे पडतात. तीन सुती व्यासातच बीएसएफचे दर इंचास २० आटे असतात आणि युएनएफचे २४. साडेतीन सुती, म्हणजे सात षोडशांश इंची नटात २० आट्यांचा एक आणि २४ आट्यांचा एक असे दोन प्रकार आहेत, आणि दुसरा अमेरिकन गाड्यांत दोन सुती नळीबरोबर येतो. मेट्रिक १० मिलिमीटर व्यासातही १ आणि १.२५ असे दोन पिच आढळतात. नटाची लांबी मात्र सर्वांकडून दुर्लक्षिली जाते. आट्यांचा भाग आखूड असेल तर नटाचे षट्कोनी डोके भागाच्या पृष्ठभागावर टेकते आणि नळीचे टोक बैठकीवर दाबले जाण्यापूर्वीच नट थांबतो. पान्याला तो घट्ट लागतो, आत मात्र टोक मोकळे असते. नट पुरता आवळल्यावर डोके आणि भाग यांच्यात थोडे अंतर शिल्लक दिसलेच पाहिजे.

आपल्याकडील गाड्यांना हे सर्व लावून पाहू. अँबॅसडर ही मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेची भारतीय आवृत्ती, आणि मद्रासेत बनणारी स्टँडर्ड हेराल्ड ही ट्रायम्फ हेराल्डची. दोन्हींचा वंश इंग्लिश, माप इंचाचे. महिंद्राची जुनी जीप अमेरिकन विलीजच्या आराखड्यावरची. तिचेही माप इंचाचे. येथे वाचकाने सावध व्हावे: इंग्लिश आणि अमेरिकन या दोन्ही घराण्यांत तीन सुती, चोवीस आट्यांचा नट आढळतो, आटे तंतोतंत जुळतात, पण अमेरिकन भोकात शंकू वर आलेला असतो आणि त्याला डबल फ्लेअर लागतो, तर लॉकहीड आणि गर्लिंग या इंग्लिश ब्रेक-कंपन्यांच्या पद्धतीच्या बऱ्याच भागांत भोकाचा तळ खोलगट असतो आणि त्याला फुगीर टोक लागते. याउपर, इंग्लिश गाड्यांत आतून आटे असलेला नटही येतो, तो बाहेरून आटे असलेल्या भागावर चढतो आणि त्याखालचे टोक डबल फ्लेअरचे असते; म्हणून एकाच नळीची दोन टोके दोन निरनिराळ्या आकारांची असणे हे तेथे अगदी नैसर्गिक आहे, आणि जुनी नळी काढल्यावर ती फेकून न देता दोन्ही टोके पाहून ठेवणे हा शिरस्ता पाळला पाहिजे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली फियाट ११००, जी पुढे पद्मिनी झाली आणि जिची शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली, ती इटालियन वंशाची असल्याने मेट्रिक. १९८३ साली आलेली मारुती ८०० हीही आता जुनी गाडीच म्हटली पाहिजे. तिचा वंश जपानी, आणि जपानी गाड्यांत १० मिलिमीटरच्या मेट्रिक नटाखाली बहुधा डबल फ्लेअर असतो, तर त्याच आट्यांच्या युरोपीय नटाखाली बबल. आटे एक आणि बैठक दुसरी, हा प्रकार मेट्रिक घराण्यातही अशा रीतीने कायम आहे.

तथापि हा वंशवृक्ष केवळ दिशा दाखवितो, निर्णय देत नाही. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ पर्यंत चालले, मधल्या काळात तिच्यात इसुझु घराण्याचे एंजिन आले, तिच्या अनेक भागांचे पुरवठादार बदलले. आणि गाडी कारखान्यातून बाहेर पडल्यानंतरच्या चाळीस-पन्नास वर्षांत किती गॅरेजांतून किती हातांनी तिचे सिलिंडर बदलले याची नोंद कोणाच्याही दप्तरी नाही. मागच्या डाव्या चाकावर मूळचा व्हील सिलिंडर आणि उजव्या चाकावर दुसऱ्याच गाडीचा, जागेवर बसतो म्हणून बसविलेला, अशी स्थिती जुन्या गाडीत असंभवनीय मानू नये. म्हणून प्रत्येक भोक स्वतंत्रपणे मोजावे. त्यासाठी एक व्हर्नियर कॅलिपर, इंची व मेट्रिक अशा दोन्ही पात्यांचा एक पिच गेज, आणि ज्यांची मापे खात्रीची आहेत अशा तीन-चार नव्या नटांचा संच, एवढे साहित्य पुरते. जुन्या नटाचे आटे पिच गेजच्या पात्यावर ठेवून प्रकाशासमोर धरले असता फट दिसते की नाही यावरून पिच कळते. पण जुना नट हा स्वतःच चुकीचा असू शकतो हे विसरू नये, आणि त्याची साक्ष भोकाच्या साक्षीशी ताडून पाहावी.

नळीविषयी थोडक्यात सांगतो. बहुतेक जुन्या गाड्यांत दीड सुती, म्हणजे तीन षोडशांश इंच किंवा ४.७६ मिलिमीटर व्यासाची नळी असते, आणि काही ठिकाणी दोन सुती. मेट्रिक ४.७५ मिलिमीटरची नळी दीड सुतीच्या जागी बिनदिक्कत चालते; ५ मिलिमीटरची चालत नाही. पोलादाची जी नळी पूर्वापार वापरली जाते तिची भिंत दुहेरी गुंडाळलेली आणि तांब्याने सांधलेली असते. हॅरी बंडी या अमेरिकन माणसाच्या नावाने ती ओळखली जाते, आणि ती पूर्णतः विश्वासार्ह आहे, फक्त कोकणच्या खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात ती क्लिपांखाली गंजते. शुद्ध तांब्याची, फ्रिजच्या दुरुस्तीला वापरतात तशी नळी सहज वाकते आणि सहज फुलते, म्हणून तिचा मोह होतो. परंतु सततच्या कंपाने तांबे कठीण व ठिसूळ होते आणि नटाच्या मागेच त्याला चीर जाते, म्हणून ती ब्रेकला लावू नये. तांबे आणि सुमारे दहा टक्के निकेल यांच्या मिश्रधातूची नळी मात्र गंजत नाही आणि दाबही सोसते. व्होल्वो कंपनीने १९७६ पासून आपल्या गाड्यांत ती वापरली, आणि मिळाल्यास मी तीच पसंत करीन.

नळी कापताना करवत वापरू नये, चाकाचे कटर वापरावे, कारण टोक काटकोनात आणि कीस नसलेले असावे लागते. आतली धार रीमरने साफ करावी आणि नळी फुंकून काढावी. टोक फुलविण्याआधी नट नळीवर चढवावा, तोंड योग्य दिशेला करून, कारण दोन्ही टोके फुलल्यावर तो चढत नाही. डबल फ्लेअर दोन टप्प्यांत होतो: पहिल्या दाबात कड फुगते, दुसऱ्यात ती आत दुमडते. दुसरा टप्पा वगळून केलेला एकेरी फ्लेअर लवकर उरकतो, पण त्याची कड पातळ राहते आणि फाटते. ४५ अंशांच्या शंकूसाठी असा एकेरी फ्लेअर मी कोणाच्याही गाडीवर मान्य करणार नाही. तयार झालेले टोक भिंगाखाली पाहावे. ते वाकडे असेल, मध्य सोडून असेल, किंवा त्यावर बारीकशीही चीर असेल तर कापून टाकून पुन्हा करावे, आणि यासाठीच नळी चार बोटे अधिक घ्यावी.

काही गोष्टी निक्षून नाकाराव्यात. रिंग आवळून नळी धरणारे पितळी कॉम्प्रेशन युनियन पाण्याच्या, गॅसच्या व डिझेलच्या हलक्या दाबाच्या कामासाठी आहेत. फुटलेल्या ब्रेकनळीच्या मध्ये ते टाकून वेळ मारून नेण्याची पद्धत प्राणघातक आहे. आट्यांवर टेफ्लॉनची टेप गुंडाळू नये. आटे तेल अडवीतच नाहीत, तेव्हा तिचा उपयोग शून्य, आणि तिचे तुकडे मास्टर सिलिंडराच्या सूक्ष्म छिद्रांत जाऊन बसले तर अपाय मोठा. रबरी होज जेथे बँजो बोल्टने (मधून पोकळ असलेल्या बोल्टने) किंवा सपाट खांद्याने बसतो तेथे तांब्याचा वॉशर लागतो, तो दरवेळी नवा घ्यावा. पण जेथे फ्लेअर आणि बैठक आहे तेथे वॉशर घालू नये, कारण मग टोक बैठकीपर्यंत पोचतच नाही. साधा उघड्या तोंडाचा पाना नटाचे कोपरे गोल करतो, म्हणून नळीवरून घालता येईल अशी खाच असलेला फ्लेअर नट पाना घ्यावा. आणि जुना गंजलेला नट सुटत नसेल तर आदल्या रात्री त्यावर गंज सोडविणारे तेल टाकून ठेवावे.

सर्व सांधे जोडल्यावर नवे ब्रेक ऑइल भरावे, उत्पादकाने सांगितले असेल त्याप्रमाणे डॉट ३ किंवा डॉट ४. ही तेले हवेतील ओलावा शोषतात, त्यामुळे त्यांचा उत्कलनबिंदू उतरतो आणि नळी आतून गंजते, म्हणून उघडा राहिलेला डबा पुन्हा वापरू नये. मास्टर सिलिंडरापासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करून क्रमाने हवा काढावी. मग प्रत्येक सांधा पुसून कोरडा करावा, कोणाला तरी पॅडल पूर्ण जोराने मिनिटभर दाबून धरावयास सांगावे, आणि त्या वेळी प्रत्येक नटाभोवती कोरडा पांढरा कागद फिरवावा. कागदावर पुसटसा डाग उमटला तरी गाडी रस्त्यावर आणू नये. पॅडल दाबाखाली हळूहळू खाली जात असेल आणि कागद कोरडा असेल तर दोष मास्टर सिलिंडराच्या रबरात शोधावा. गाडी प्रथम आवारात, मग मोकळ्या सपाट रस्त्यावर चालवावी, आणि दोन-तीन दिवसांनी हीच तपासणी पुन्हा करावी. कोरडा सांधा उगाच आणखी आवळू नये.

हे सर्व झाल्यावर एक कागद घेऊन त्यावर प्रत्येक सांध्याची नोंद करावी: जागा कोणती, नळी किती सुती, आटे कोणत्या पद्धतीचे आणि किती पिचाचे, टोक डबल की बबल, नटाच्या आट्यांची लांबी किती, आणि भाग कोणत्या साली बदलला. प्रत्येक प्रकारचे दोन नट जादा घेऊन, त्यांना चिठ्ठी बांधून, त्या कागदासह गाडीच्या नोंदणीपत्राच्या पाकिटात ठेवावे.